मोहन सामंत : गोरेगाव ते न्यूयॉर्क

मनमोहन बाळकृष्ण सामंत, म्हणजेच चित्रकार मोहन सामंत यांचा जन्म १९२४ साली गोरेगावात झाला आणि मृत्यू जानेवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये. हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे ही नावे चित्रांच्या वाटेला न जाणाऱ्या माणसालाही ऐकून ठाऊक असतात. सामंत त्यांच्याच काळातले, त्यांच्याच बरोबर प्रदर्शने केलेले. तरीही त्यांचे नाव काढले की चांगले जाणकारसुद्धा आठवू लागतात. ते लवकर परदेशी गेले, हे याचे एक कारण. त्यांची चित्रे कोणत्याच ठरीव कप्प्यात बसत नाहीत, हे दुसरे. ही दोन कारणे एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की एकाची उकल दुसऱ्यावाचून होत नाही.

सामंतांच्या जन्माच्या वेळी गोरेगाव मुंबईत नव्हते. साष्टी बेटातले ते एक गाव होते. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली. १९४३ मध्ये गोरेगावात फिल्मिस्तान स्टुडिओ उभा राहिला आणि १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत आली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये वाढली ती पश्चिम बाजूला जोगेश्वरीपाशी थांबली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा कुठे गोरेगाव कागदोपत्री बृहन्मुंबईत आले. त्याच वर्षी सामंत इटली सरकारच्या शिष्यवृत्तीवर रोमला गेले. गाव मुंबईत आले आणि गावचा मुलगा मुंबईबाहेर पडला, असा हा योग आहे. मुंबईची आधुनिक कला म्हटले की फोर्ट, काळा घोडा आणि गिरगाव एवढाच टापू डोळ्यांसमोर येतो. उपनगरातल्या मध्यमवर्गीय मराठी घरातून आलेला हा चित्रकार त्या नकाशात म्हणूनही सहज दिसत नाही.

सामंतांनी १९५२ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. तिथे शंकर पळशीकर त्यांचे शिक्षक होते. पळशीकरांचा वर्ग हा महाराष्ट्राच्या चित्रकलेतला एक स्वतंत्र अध्याय आहे. ब्रिटिशांनी घालून दिलेल्या चौकटीत हुबेहूब चित्रणाला मान होता. पळशीकर मात्र विद्यार्थ्यांना लघुचित्रांकडे वळवत. बसोहली किंवा जैन पोथीचित्रांत रंग सपाट असतो, रेषा धारदार असते आणि खोलीचा आभास निर्माण करण्याची गरज कुणालाच वाटलेली नसते. घराची भिंत, अंगण आणि झाड एकाच पातळीवर मांडलेले असते. सामंतांची सुरुवातीची चित्रे या वळणाची आहेत. पुढे ती दिसायला फार बदलली, पण कॅनव्हास म्हणजे खिडकी नव्हे, भरायची भिंत आहे, ही समजूत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. तिचे मूळ या वर्गात शोधावे लागते.

१९५२ मध्येच सामंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी हा गट स्थापन केला होता. पण सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला आणि शिल्पकार बाकरे १९५१ मध्ये लंडनला. गटाला खिंडार पडले. ते वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत अशा नव्या मंडळींनी भरून काढले. १९५६ पर्यंत गटही संपला. म्हणजे सामंत आले तेव्हा मूळच्या सहांपैकी तिघे समुद्रापार होते. परदेशी जाणे ही त्या पिढीत अपवादात्मक गोष्ट राहिली नव्हती.

उलट दिशेचे एक स्थलांतरही या गटाच्या पाठीशी होते. त्यांना हात देणारे समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघेही नाझी राजवटीच्या धास्तीने युरोप सोडून मुंबईत आलेले होते. ‘भारतीय’ आधुनिक कलेला पहिले जाणते प्रेक्षक मिळाले ते निर्वासितांमधून. या कलेची गोष्ट सांगताना मुळे आणि मातीचा घोष फार केला जातो, म्हणून ही बाब मुद्दाम नोंदवायची.

पन्नासचे दशक सामंतांसाठी भरभराटीचे होते. हेब्बर, आरा, चावडा, लक्ष्मण पै, बाबुराव सडवेलकर यांच्याबरोबर ते बॉम्बे ग्रुपमध्ये होते. १९५६ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. १९५७-५८ ही वर्षे रोममध्ये गेली. त्या सुमारास युरोपात चित्राच्या पदार्थालाच महत्त्व देणारे काम जोरात होते. इटलीत अल्बर्तो बुर्री गोणपाट फाडून, शिवून कॅनव्हासवर लावत होता. बार्सिलोनात आन्तोनी तापिएस रंगात वाळू आणि संगमरवराची भुकटी मिसळत होता. सामंतांचा रंगही या काळात जाड झाला, त्यात वाळू आली, आणि चित्र हाताला खरखरीत लागेल असे होऊ लागले.

हे पृष्ठभाग नीट पाहण्यासारखे आहेत. कॅनव्हासवर आधी वाळू मिसळलेल्या रंगाचा थर बसतो. तो ओला असतानाच टोकदार वस्तूने रेघा ओरखडल्या जातात, कुठे प्लास्टरचा उंचवटा चढतो, कुठे वरचा थर खरवडून खालचा रंग मोकळा केला जातो. मग पातळ रंग ओतला की तो खळग्यांत साचतो आणि उंचवट्यांवरून ओघळून जातो. लांबून जुनी, ओल धरलेली, अनेक वेळा सारवलेली भिंत पाहत असल्याचा भास होतो. जवळ गेले की त्या ओरखड्यांत एखादा प्राणी, माणसांची ओळ, लिपीसारखी काही चिन्हे दिसू लागतात. ती आधी काढून मग रंगवलेली नसतात. थर देता देता ती वर आलेली असतात. आदिमानवाची गुहाचित्रे आणि इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रलिपी यांची ओढ सामंतांना होती. जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर, कान्हेरी या लेण्यांच्या प्रदेशात जन्मलेल्या माणसाला खडकाच्या भिंती जवळच्या वाटाव्यात, हे लिहायला छान आहे. पण चित्रकाराच्या जन्मगावावरून त्याच्या चित्रांचे अर्थ लावण्याची ही सवय टाळलेलीच बरी.

१९५९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि सामंत न्यूयॉर्कला गेले. भारतीय चित्रकारांची मक्का तोपर्यंत लंडन किंवा पॅरिस होती. न्यूयॉर्ककडे वळणाऱ्या पहिल्या काही जणांत सामंत येतात. कृष्ण खन्ना, गायतोंडे, अकबर पदमसी, तय्यब मेहता हे सारे रॉकफेलर घराण्याच्या निधीवर अमेरिकेत गेले, ते साठच्या दशकात, सामंतांच्या मागून. फरक एवढाच की ते कायमचे परतले. सामंत १९६४ पर्यंत तिथे राहिले आणि या पाच वर्षांत त्यांना मिळालेले यश आज ऐकताना थोडे अविश्वसनीय वाटते. वर्ल्ड हाउस गॅलरीने त्यांची चित्रे मांडली. १९६३ मध्ये कॅनडातल्या बीव्हरब्रुक गॅलरीत आणि मग लंडनच्या टेट गॅलरीत भरलेल्या डन इंटरनॅशनल या प्रदर्शनासाठी जगभरातून शंभर चित्रकार निवडले होते. त्यांत सामंत होते. त्याच वर्षीचे त्यांचे ‘ग्रीन स्क्वेअर’ हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतले. कृत्रिम रंग, तैलरंग आणि वाळू यांचे हे काम त्यांच्या अमूर्ततेच्या सर्वांत जवळचे आहे.

यानंतर ते मायदेशी आले, पण टिकले नाहीत. १९६८ मध्ये न्यूयॉर्क हे त्यांचे कायमचे घर झाले. या तारखेमागे अमेरिकी कायद्याचाही भाग आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला जेमतेम शंभर जागा होत्या. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटा रद्द केला आणि ती तरतूद १९६८ मध्ये पूर्णपणे लागू झाली. मग भारतातून डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांची रीघ लागली. आज न्यू जर्सीत गणपती बसवणारा मराठी समाज आहे, त्याची सुरुवात या लाटेत आहे. सामंत त्याच काळात स्थायिक झाले, मात्र त्यांच्या हातात नोकरीचे पत्र नव्हते, कुंचला होता.

परदेशी स्थायिक झालेल्या चित्रकाराला एक प्रश्न चुकत नाही: तुझ्या चित्रात तुझा देश कुठे आहे? आकृती काढणारा चित्रकार साडी, बैलगाडी, देऊळ काढून वेळ मारून नेऊ शकतो. अमूर्त चित्रकाराला ही सोय नाही. त्याच्याकडे फक्त रंग, आकार, पोत आणि रेषा असते. म्हणूनच परदेशस्थ भारतीयांची अमूर्त चित्रे आपल्याला या प्रश्नाची फार वेगवेगळी उत्तरे देतात.

सय्यद हैदर रझा यांचे उत्तर सर्वांत प्रसिद्ध आहे. मध्य प्रदेशातल्या बाबरियात जन्मलेले, नागपूर आणि जे. जे. मध्ये शिकलेले रझा पॅरिसमध्ये फ्रेंच निसर्गदृश्यांचे चित्रकार म्हणून गाजले, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कारही त्यांनी मिळवला. पण सत्तरच्या दशकात आपल्या चित्रांत भारत कुठे, ही टोचणी त्यांना लागली आणि त्यातून बिंदू आला. पुढे बिंदू, त्रिकोण, पंचमहाभूतांचे रंग, देवनागरी अक्षरे हीच त्यांची ओळख झाली. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे १९७२ मध्ये नॉर्वेला गेले आणि २०१२ मध्ये ऑस्लोतच वारले. ग्रुप १८९० या चित्रकारांच्या गटाचे सदस्य असलेल्या अंबादासांनी आपल्या लाटांसारख्या फटकाऱ्यांत कोणतेही राष्ट्रीय चिन्ह येऊ दिले नाही. गुजरातचे नटवर भावसार न्यूयॉर्कमध्ये कोरडा रंग चाळणीतून कॅनव्हासवर गाळत. त्यात रांगोळी आणि होळीची आठवण उघड आहे. अलीगढच्या झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही छत्तीस काष्ठमुद्रांची मालिका केली. उंबरठा, अंगण, भिंत अशा एकेका उर्दू शब्दाला एकेक नेमका भौमितिक आकार. फाळणीने आणि नंतरच्या भटकंतीने हरवलेले घर त्यांनी काळ्या रेषांत मोजून मांडले.

सामंतांनी या प्रश्नाचे उत्तरच दिले नाही असे प्रथमदर्शनी वाटते. त्यांच्याकडे बिंदू नाही, घराचा नकाशा नाही, हुरहुर लावणारी शीर्षके नाहीत. इजिप्तची चित्रलिपी, आदिमानवाची गुहा, बसोहलीचा रंग, पिकासोचा आकार आणि अमेरिकी कागदी कात्रणे ही सगळी सामग्री त्यांनी एकाच कॅनव्हासवर एकाच हक्काने वापरली. आपण अमुक देशाचे म्हणून अमुकच वारसा आपला, ही अट त्यांनी मानली नाही. परदेशस्थ भारतीयाकडून पश्चिमेची अपेक्षा असते की त्याने सोबत भारत आणावा. इथली अपेक्षा असते की त्याने तो विसरू नये. दोन्ही अपेक्षांना सामंतांनी नम्रपणे पाठ दाखवली. रझांचे उत्तर समजायला जास्त सोपे, म्हणून ते लोकप्रिय झाले. सामंतांची वाट अधिक धाडसाची होती, असे मात्र म्हणावेच लागेल.

सत्तरच्या दशकापासून त्यांची चित्रे सपाट राहिनाशी झाली. रेषा काढण्याऐवजी ते तार वाकवू लागले. लोखंडी तारेची आकृती कॅनव्हासपासून थोडी सुटी राहते, त्यामुळे तिची सावली मागच्या रंगावर पडते. म्हणजे प्रत्येक रेषेला दुसरी, हलकी रेषा मिळते आणि दिवा हलवला की तीही हलते. कुठे ते कॅनव्हासला भोक पाडून मागे कोनाडा करीत आणि त्यात लहान आकृती, प्लॅस्टिकची खेळणी मांडीत. शेजारी कागदाची कात्रणे, त्यांवर जलरंग. कोनाड्यातल्या देवाशेजारी खेळण्यातला प्राणी बसावा, असा हा बेधडक संसार आहे. तो पाहून कुणी वैतागतो, कुणी हसतो. गायतोंड्यांच्या चित्रासमोर प्रेक्षक आपोआप आवाज खाली आणतो. सामंतांच्या चित्रासमोर तो बोट दाखवून बोलू लागतो.

मग त्यांना अमूर्त चित्रकार म्हणावे का? गायतोंड्यांच्या अर्थाने नक्कीच नाही. गायतोंडे आकृतीपासून दूर गेले ते परतले नाहीत. सामंत साठच्या दशकात अमूर्ततेच्या उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे काही वर्षे राहिले आणि माणसे, पशू, पक्षी घेऊन मागे फिरले. पण त्यांच्या उत्तरकाळातल्या गर्दीच्या चित्रांनाही कथेने नव्हे, पृष्ठभागाने एकत्र धरलेले असते. आकृती कोण आहे हे कळले नाही तरी चित्राचे काही अडत नाही. अमूर्ततेची शिस्त त्यांनी आकृतीच्या कामाला लावली, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

त्यांच्या आयुष्यात भारत ठळकपणे होता तो एका वेगळ्या जागी, सारंगीत. सामंत आयुष्यभर सारंगी वाजवत राहिले. हे वाद्य हौसेने जमणारे नाही. तीन मुख्य तारा आतड्याच्या, त्यांच्याखाली पस्तीसहून अधिक तरफेच्या तारा, आणि पडदे एकही नाहीत. बोटाच्या टोकाने तार दाबायची नसते. नखाच्या मुळाशी जी कातडी असते, तिने ती बाजूने ढकलायची, आणि दुसऱ्या हाताने गज ओढायचा. नखांभोवती घट्टे पडतात, कधी कातडी सोलवटते. सुराची जागा कुठेही खुणावलेली नसते, ती कानानेच शोधावी लागते. खुद्द भारतात हार्मोनियमने सारंगीला मैफिलीतून मागे ढकलले त्या काळात हा गोरेगावचा माणूस न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गज ओढत होता. पडदे नसलेल्या वाद्यातली मींड आणि कॅनव्हासपासून सुटलेली तारेची रेषा यांचे नाते लावण्याचा मोह होतो. चित्रांकडे पाहता तो मोह अगदी निराधार वाटत नाही: दोन्हींत मुख्य तारेइतकेच महत्त्व तिच्या मागे उमटणाऱ्या पडसादाला आहे.

न्यूयॉर्कमधले सुरुवातीचे यश पुढे टिकले नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच तिथे पॉप आर्ट आणि मग मिनिमलिझमची हवा आली. वाळू-प्लास्टरचे थर जुने वाटू लागले. त्यात भारतीय नावाच्या चित्रकाराला कुठे बसवायचे हे तिथल्या समीक्षकांना सुचेना. इकडे भारतातही कला आता दिल्लीकडे, बडोद्याकडे सरकली होती. रझा पॅरिसमध्ये राहूनही भारतात नियमित येत, इथे प्रदर्शने करीत, तरुण चित्रकारांशी संबंध राखत. सामंतांनी तसा धागा सांभाळला नाही. परिणामी ते न्यूयॉर्कला पुरते अमेरिकी वाटले नाहीत आणि मुंबईला पुरते मुंबईचे राहिले नाहीत. २००२ मध्ये तय्यब मेहतांच्या ‘सेलिब्रेशन’ला दीड कोटी रुपये मिळाले आणि प्रोग्रेसिव्ह पिढीच्या चित्रांचे भाव आकाशाला भिडायला लागले. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच सामंत गेले. बाजाराची ती लाट त्यांच्या वाट्याला आली नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे बदलले आहे. २०१३ मध्ये मॅपिन प्रकाशनाने त्यांच्या चित्रांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांच्याबरोबरच मार्सेला सिरहंदी, जेफ्री वेक्सलर आणि सामंतांच्या पत्नी जिलियन यांचेही लेखन आहे. वस्तू, कात्रणे, कोनाडे यांतून चित्र घडवण्याची जी पद्धत नंतरच्या भारतीय कलेत रूढ झाली, तिच्या आणि प्रोग्रेसिव्ह पिढीच्या मधली हरवलेली कडी म्हणून होस्कोटे सामंतांकडे पाहतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीने प्रोग्रेसिव्ह गटावर मोठे प्रदर्शन भरवले, त्यातही सामंत होते. गायतोंड्यांवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे, रझांवर हिंदी-इंग्रजीत ग्रंथांची रांग आहे. सामंतांचा ग्रंथ इंग्रजीत आहे. तो मराठीत यायला हवा, आणि पळशीकरांच्या वर्गातल्या लघुचित्रांपासून तारेच्या रेषेपर्यंतचे त्यांचे सगळे काम मुंबईत एका छताखाली पाहायला मिळायला हवे. तारेची सावली आणि वाळूचा खडबडीतपणा छापील पानावर उतरत नाही. ही चित्रे समोर उभे राहूनच पाहावी लागतात.